कफ गेल्याचे पेढे

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी कानावर हात ठेवायला नको. मी एस.टी.त कंडक्टर होते. नवरा ड्रायव्हर होता. तो आजारपणात गेला तेव्हा लेक शाळेत होती, आणि त्याच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. तिथून पुढची सगळी नोकरी "चला, पुढं सरका, दारात लोंबकळू नका" असं ओरडण्यात गेली. सातारा-सांगली, सातारा-विटा, सातारा-दहिवडी. गाडी कितीही कोंबलेली असू दे, शेवटच्या सीटवरच्यालासुद्धा माझं ऐकू जायचं.

रिटायर झाले आणि पहिल्यांदा कळलं, की घरात ओरडायला कुणी नाही. लेक लग्न होऊन मुंबईकडं गेलेली, दोघं नवरा-बायको नोकरीवाले. साताऱ्यातलं माझं घर दोन खोल्यांचं. सकाळी चहा एकच कप, तोही रात्री धुऊन पालथा घातलेल्या त्याच कपात. भेटेल तो म्हणायचा, आता आराम करा. अरे, आराम करायचा म्हणजे काय करायचं, ते तरी सांगा! कुकरची शिट्टी झाली की मी "आले गं बाई, आले" म्हणून उत्तर द्यायला लागले. एकदा माझं मलाच हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. खोटं कशाला सांगू?

निरोपाच्या दिवशी डेपोत शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. सगळं उरकल्यावर वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकनं मला बाजूला बोलावून कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. भंगारात निघालेल्या जुन्या गाडीची घंटी होती, दोरीसकट. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. ड्रायव्हर कितीही तापट असो, कंडक्टरचे दोन टोले पडल्याशिवाय गाडी हलत नाही. मी म्हटलं, "आता डबल बेल कुणाला मारू रं?" मी घंटी घरी आणून कपाटावर ठेवून दिली.

याच सुमाराला लेक बाळाला घेऊन चार दिवस माहेरपणाला आली. नात दात यायच्या वयाची. मोठ्ठाले डोळे आणि बाकी नुसती हाडं. दूध पिताना दोन घोट घेतले की थांबायची. वर पंखा गरगरतोय आणि पोरीच्या कपाळावर घाम! श्वास तर इतका भरभर, की झोपेतसुद्धा पोट खालीवर होताना लांबून दिसायचं. "कफ आहे तिला," लेक म्हणाली. "पाळणाघरात सारखं काहीतरी लागतंच. तिकडचे डॉक्टर वाफ द्यायला सांगतात." वाफेचं मशीनही बरोबर आणलं होतं. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "आई, तू डॉक्टर आहेस का?" नव्हते, म्हणून गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं काम नाही, पण लेकीला जमतं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं दूधच सोडलं. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. रिक्षा केली आणि दोघींना घेऊन साताऱ्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडं गेले. त्यांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. म्हणाले, रक्त तपासू. मला वाटलं, हिमोग्लोबिन वगैरे असेल. संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं. नुसता छातीचा कफ असेल तर तो एवढा वाढत नाही. हिच्या रक्तात तो खूप आहे. "दम फुफ्फुसामुळं कमी आणि हृदयामुळं जास्त लागतोय, असं दिसतंय. सांगलीला लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. माझं काय झालं ते मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, चिमूटभर रक्तावरनं हे कळतं?" ते म्हणाले, "बिघाड कुठं आहे ते नाही कळत. ताण आहे हे कळतं." ते मात्र मला पटकन समजलं. घाटात गाडी दमली की इंजिनाचा काटा वर चढतो. नेमकं काय बिघडलंय हे काटा सांगत नाही. थांबा आणि बॉनेट उघडून बघा, एवढंच तो सांगतो.

बॉनेट सांगलीला उघडलं. तिथली डॉक्टर लहानशी, वेणीवाली, माझ्या लेकीपेक्षाही लहान दिसणारी. तिनं पडद्यावर लाल-निळं काहीतरी दाखवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला छिद्र होतं, जन्मापासूनचं. पण अशी छिद्रं काही वेळा मूल वाढतं तशी आपली आपण बुजतात, म्हणाली. औषध देऊ, वजन वाढवू आणि वाट बघू. मधूनमधून रक्त तपासायचं. ताण उतरत गेला तर चांगलंच, चढत गेला तर ऑपरेशन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्दी-खोकल्यापासून जपायचं. पाळणाघर बंद.

पाळणाघर बंद म्हटल्यावर प्रश्न आला, की मग ठेवायचं कुठं? लेकीची नोकरी सुटण्यासारखी नव्हती, घराचे हप्ते होते. तिची सासू गुडघेदुखीनं बसलेली. लेक माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बघतेस काय? ठेव इथं." एवढी मोठी जबाबदारी आणि मी अशी पटकन घेतली, की जावयांना वाटलं म्हातारीला समजलंच नाही. सगळं समजलं होतं. मला कुणीतरी हवं होतं.

जाताना लेकीनं एक अट घातली. म्हणजे तिच्या सासूनं फोनवर घातली आणि हिनं मला सांगितली. हृदयाचं कुणाला बोलायचं नाही. "पोरीची जात आहे. हृदयाला भोक आहे असं एकदा पसरलं, की उद्या लग्नाच्या वेळी लोक उकरून काढतील." अगं बाई! पोरीला अजून धड बसता येईना आणि यांची लग्नाची बैठक सुरू! मी विहीणबाईंना फोन लावून ओरडणार होते, पण लेकीचा चेहरा बघून गिळलं. "बरं. कफ आहे म्हणून सांगेन," म्हणाले. तेव्हा वाटलं, यात काय मोठंसं.

शेजारी रिटायर सुभेदार आणि त्यांची बायको राहतात. तिसऱ्या दिवशी सुभेदार कुंपणावरून म्हणाले, "आवं वहिनी, नातीला काय झालंय? लय धापा टाकतीया." मी म्हटलं, "कफ हाय." झालं! सुभेदारीण अडुळशाचा काढा घेऊन आल्या. पलीकडच्या मावशींनी ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. सुभेदारांनी तर कॅन्टीनमधली रम आणली, छातीला चोळायला. "वहिनी, सियाचीनला आमी हेच केलं. एकदम पक्का इलाज." मी सगळं हसून घ्यायची आणि दार लावून मोरीत ओतायची. रम तेवढी ठेवली. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पण खरं सांगू, ही गंमत फार दिवस टिकली नाही. सगळ्या गल्लीत माझ्याशी बोलणारी माणसं, आणि एकालाही मी खरं सांगू शकत नव्हते. ज्या दिवशी पोरगी दूध घ्यायची नाही त्या दिवशी माझ्या काळजाचं पाणी व्हायचं, आणि बाहेर कुणी विचारलं तर मी म्हणायची, "कफच, हो. हवा बदलली की वाढतो." लेकीला फोनवर सांगावं तर ती ऑफिसात रडत बसायची. मग तिलाही सांगणं बंद केलं. अख्खा जन्म गर्दीत काढला, पण इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

घंटी कपाटावरून खाली आली ती या पोरीमुळंच. एक दिवस रडून रडून निळी पडायला लागली, काही केल्या थांबेना. आता हिला गप्प तरी कशी करू? माझा हात घंटीवर गेला. टिंग! पोरगी गप्प. डोळे गोल करून बघायला लागली. पुन्हा मारली, टिंग टिंग! आणि ती हसली, माझ्याकडं आल्यापासून पहिल्यांदा. त्याच दिवशी सुभेदारांकडून शिडी आणून घंटी स्वयंपाकघराच्या दारावर बसवली, आणि दोरी तिच्या पाळण्यापर्यंत ओढून घेतली.

मग आमचं घर म्हणजे गाडीच झाली. भरवताना दोन टोले पडले की घास तोंडात. एक टोला पडला की थांबायचं, तिला दम खाऊ द्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई करू नका, थांबून थांबून भरवा. चालायला लागल्यावर तर तिचा नियमच झाला. दोन टोल्यांशिवाय ती अंगणात पाऊल टाकायची नाही, आणि एक टोला पडल्याशिवाय माझ्या कडेवरून उतरायची नाही. मी तिला "म्हातारे" म्हणायची. "म्हातारे, उतर आता, स्टॉप आला." ती मान हलवायची. आधी टिंग.

रक्ताची तपासणी साताऱ्यातल्याच लॅबमध्ये व्हायची. मी तिला मांडीवर घेऊन बसायची. दंड एवढासा, शीर सापडायची नाही. मोठी झाली तशी तिथंही ती आमचा नियम चालवायला लागली. "टिंग टिंग" म्हटल्याशिवाय सुई लावू द्यायची नाही. लॅबमधली मुलगी बिचारी थांबायची. सुई आत गेली की ही लगेच ओरडायची, "टिंग!" मी म्हणायची, "म्हातारे, मधेच कुठं उतरतेस? स्टॉप यायचाय अजून." लॅबमधली मुलगी हसायची.

रिपोर्ट जायचा लेकीच्या मोबाइलवर. पहिल्या वेळी नंबर तिचा दिला होता, तोच राहिला. त्यामुळं माझ्या मांडीवरच्या पोरीच्या रक्ताची बातमी आधी मुंबईला जायची आणि मग माझ्याकडं यायची. त्या दिवशी मी फोन कमरेला खोचून फिरायची. कधी लेक मीटिंगमध्ये अडकायची आणि संध्याकाळ व्हायची. एका पावसाळ्यात पोरीला ताप आला, त्यानंतरच्या तपासणीत आकडा चढला. लेक फोनवर नुसती "आई" म्हणाली. मी म्हटलं, "चढतो, उतरतो. घाटच आहे तो." फोन ठेवला आणि देवघरापुढं बसून राहिले. पोरगी मागून येऊन माझ्या पाठीवर चढली. तिला काय माहीत!

मग हळूहळू आकडा उतरायला लागला. घाम थांबला. गालावर मांस आलं. सांगलीची डॉक्टर दर खेपेला म्हणायची, छान चाललंय. आम्ही एस.टी.नं जायचो, कराड-इस्लामपूर करत. ती खिडकीत माझ्या मांडीवर, आणि रस्ताभर ऊस बघत "ऊश, ऊश" म्हणत जायची. जुने कंडक्टर भेटायचे. "ताई, नात का? लय गोड हाय." सांगलीला कशाला निघालात म्हणून विचारलं, की मी म्हणायची, माहेर आहे माझं तिकडं. तेवढं तरी खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीला बोलावलं तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "आई, यावेळी आकडा नॉर्मलला आला आणि इकोत छिद्र बुजलेलं दिसलं, तर आम्ही हिला घेऊन जाऊ. इथं शाळेचं बघितलंय." मी "व्हय की" म्हणाले. फोन ठेवल्यावर भाजी चिरायला बसले. पोरगी दाराशी बसून घंटीची दोरी ओढत होती, एक टोला, दोन टोले, तिचं तिचंच चाललेलं. आणि माझ्या मनात आलं, आकडा उतरला तर ही जाणार. न उतरला तर राहणार. असलं कसं हे गणित घातलंस रे देवा? मी काय मागू तुझ्याकडं? दोन्ही एकदम तर मागता येत नाहीत. सुरी खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "उतरू दे. साफ उतरू दे." मोठ्यानं म्हटलं, कारण मनातल्या मनात म्हटलं असतं तर दुसरंही काही निघालं असतं. पोरीनं विचारलं, "आजी, कुठं उतलायचं?" मी म्हटलं, "कुठं नाही गं. बैस."

आकडा उतरला. नॉर्मल. सांगलीला लेक-जावई दोघं आले होते. वेणीवाल्या डॉक्टरनं पडदा आमच्याकडं वळवला, छिद्र बुजल्याचं दाखवलं आणि माझा हात धरला. "आजी, ऑपरेशनची गरज नाही. आता हिला कुठंही न्या. वर्षातून एकदा दाखवा, बस." लेक माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मी पण रडले. आमच्या दोघींच्या रडण्यात काय फरक होता, तो एकट्या मलाच ठाऊक होता.

साताऱ्याला उतरल्यावर मी कंदी पेढे घेतले. एवढी मोठी गोष्ट, पेढे नकोत? घरी येऊन ताटलीत काढले, कुंपणाशी गेले, सुभेदारांना हाक मारली. ताटली पुढं केली आणि तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं की सांगायचं काय? आजारच कुणाला सांगितला नव्हता, तर बरा झाल्याचं कसं सांगणार? सुभेदार पेढा हातात घेऊन वाट बघत होते.

"नातीचा कफ गेला," मी म्हणाले.

"कफ गेल्याचं पेढं?" ते मोठ्यानं हसले. "आवं वहिनी, आख्ख्या सर्व्हिसमध्ये असलं पेढं खाल्लं न्हाईत!" मग आत वळून बायकोला म्हणाले, "बघ, आपली रम लागू पडली." सुभेदारीणबाईंचाही हसण्याचा आवाज आला. मी पण हसले. ताटली हातात घेऊन तशीच गल्लीच्या टोकापर्यंत गेले, प्रत्येक दारात तेच म्हणाले, आणि प्रत्येक दारात लोक हसले. पोरगी जगली हो, असं मला ओरडून सांगायचं होतं. माझा आवाज केवढा मोठा आहे, आधीच सांगितलंय. पण नाही ओरडता आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर निघायचं ठरलं. कपडे, खेळणी, औषधाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा लेकीनं बॅगेत भरल्या. घंटी काढून देऊ का, असं मी विचारलं. जावई म्हणाले, "राहू द्या आई, फ्लॅटमध्ये कुठं लावणार." बरोबरच होतं. पोरीला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. गाडी सुरू झाली. आणि ती ओरडली, "थांबा! आजीनं टिंग टिंग नाही केलं!"

जावयांनी ब्रेक दाबला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. इतक्या वर्षांत किती वेळा डबल बेल मारली असेल मी. तेव्हा मी आत असायची. बाहेर राहिलेल्यांकडं कधी नीट बघितलं नव्हतं. घंटी घरात होती. मी गाडीच्या टपावर हातानं दोन थापा मारल्या, स्टँडवर गाडी काढताना मारतात तशा. गाडी गेली. पोरगी खिडकीतून हात हलवत राहिली. मी वळले, घरात आले आणि दार लावून घेतलं.

चहा केला. एक कप. कुकर लावायचं कारण नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला लेकीचा फोन आला. मला वाटलं, पोहोचल्याचं सांगायला. पण मागं रडण्याचा आवाज. "आई, आम्ही बिल्डिंगखाली आलोय, पण ही गाडीतून उतरतच नाहीये. पट्टा घट्ट धरून बसलीय. स्टॉपची बेल झाली नाही म्हणते. तूच सांग काहीतरी."

फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. पलीकडून ती रडत रडत म्हणाली, "आजी, टिंग कल ना." दोरी पकडली. वाटलं, नाही ओढली तर? बसेल गाडीत हट्टानं, आणतील परत. कुठं आणतील! उचलून नेतील आणि पोर झोपेपर्यंत रडेल.

"म्हातारे," मी म्हटलं, "स्टॉप आला. उतर. तुझं घर आलं."

आणि फोन घंटीजवळ धरून मी एकच टोला मारला.